पीएसए 6.8

नागपूरच्या धंतोलीतल्या पॅथॉलॉजी लॅबमधून साठी ओलांडलेला माणूस रिपोर्ट घेऊन निघतो, तेव्हा त्याची नजर एकाच ओळीवर खिळलेली असते. पीएसए 6.8. आकडा ठळक छापलेला, शेजारी 'एच', पुढे नॉर्मलची मर्यादा 4. डॉक्टरांची वेळ परवाची. तोवर घरी कोणाशी बोलायचं नाही, हे त्यानं जिन्यातच ठरवलेलं असतं. लघवीचं दुखणं आपल्याकडे पुरुष कोणाला सांगत नाहीत. अंबाझरीला रोज सोबत फिरणाऱ्या मित्रालाही नाही.

पीएसए हे प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणारं प्रथिन. पेशी निरोगी असोत वा रोगट, ते तयार होतंच. वयामुळे ग्रंथी वाढली, लघवीत जंतुसंसर्ग झाला, कॅथेटर घातला, तरी रक्तातला आकडा चढतो. 4 ते 10 या पट्ट्यात बायोप्सी केलेल्या साधारण चौघांपैकी एकाला कॅन्सर निघतो. तिघांना नसतो, हा मोठा दिलासा. चौथा कोण, हे मात्र आकडा सांगत नाही.

म्हणून चांगला युरॉलॉजिस्ट आधी विचारतो: ताप होता का, जळजळ होती का? संसर्ग असेल तर उपचार करून सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासायचं, शक्यतो त्याच लॅबमध्ये. मग फ्री पीएसए, एमआरआय, बायोप्सी त्यानंतर. बोटानं करायच्या तपासणीला पुरुष लाजतात, टाळतात. मिनिटभराचं काम, गाठ टणक लागली तर पीएसए नॉर्मल असूनही पुढचा तपास करावा लागतो.

1970 मध्ये प्रोस्टेटच्या प्रतिजनावर संशोधन करणारे रिचर्ड अ‍ॅब्लिन यांनीच 2010 साली सरसकट तपासणीविरुद्ध लिहिलं. सावकाश वाढणारे कित्येक कॅन्सर जन्मभर त्रास देत नाहीत; त्यांच्या उपचारानं मात्र लघवीवरचा ताबा जाऊ शकतो. अ‍ॅब्लिन यांचं म्हणणं रास्त आहे. पण विदर्भातलं दुखणं वेगळं. इथं कंबरदुखी म्हणून महिनोन्महिने मलम चोळणारा माणूस जामठ्याच्या कॅन्सर संस्थेत किंवा तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटलला पोचेपर्यंत रोग हाडांत उतरलेला असू शकतो.

आणि एक गोष्ट रिपोर्टवर छापलेली नसते. वाढलेल्या प्रोस्टेटसाठी दिली जाणारी फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड ही गोळी सहा महिन्यांहून अधिक चालू असेल, तर पीएसए जवळपास निम्मा दिसतो. अशा माणसाचा 3.5 हा 7च्या घरातला धरायचा. फिनास्टेराइड केस गळू नयेत म्हणूनही घेतात, आणि डॉक्टरांना नेमकी तीच गोळी सांगायची राहून जाते.