इंग्रजीचा 'इंग' आणि आमचा कोयता

इंग्रजी म्हटले की आमच्या वर्गातील निम्म्या मुलांच्या कपाळाला आठ्या पडतात. त्यातून 'इंग' आला की विचारूच नका. 'गो' कधी, 'गोइंग' कधी आणि 'टू गो' कधी, ह्याचा काही मेळ लागत नाही, असे सर्वांचे म्हणणे. मला मात्र ह्या वर्षी हा इंग आवडू लागला आहे. का, ते ह्या दसऱ्याच्या अंकात लिहिते. घाईनेच लिहिते, कारण दसरा-दिवाळी झाली की आमच्या वर्गातील काही मुले आईवडिलांबरोबर कारखान्यावर जातील. ती परत येतील तोवर हे पान भिंतीवरून उतरलेले असेल.

नियम तसा एका ओळीचा आहे. इन, ऑन, ॲट, ऑफ, फॉर, विदाउट, बिफोर, आफ्टर ह्या शब्दांना इंग्रजीत प्रीपोझिशन म्हणतात. त्यांच्या पुढे नाम येते. क्रियापद आणायचेच झाले तर त्याला इंग लावून, नाम करून आणायचे. गुरुजींनी हे फळ्यावर लिहिले तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "पण गुरुजी, असं का?"

गुरुजी रागावले नाहीत. त्यांनी उलट विचारले, "कोयता कशासाठी असतो रे?"

"ऊस तोडायसाठी."

"आणि वहीत लिहिताना?"

"तोडण्यासाठी."

"तोडणेसाठी का नाही म्हणालास?"

सगळा वर्ग हसला. 'तोडणेसाठी' असे कोण बोलते? (कचेरीच्या कागदावर मात्र 'दाखला मिळणेबाबत' असे लिहितात. बोलताना तसे कोणी बोलत नाही.) मग गुरुजींनी समजावून दिले. 'तोडणे' हे एका कामाचे नाव आहे. डबा ह्या शब्दाला 'त' लागला की 'डब्यात' होते, घोडा ह्या शब्दाला 'वर' लागला की 'घोड्यावर' होते, तसेच तोडणे ह्या शब्दाला 'साठी' लागला की 'तोडण्यासाठी' होते. ह्याला सामान्यरूप म्हणतात. म्हणजे साठी, आधी, शिवाय ही शब्दयोगी अव्यये क्रियापदाला तसेच आत घेत नाहीत. कामाचे नाव होऊन ये, म्हणतात. इंग्रजीतही तेच आहे. 'धिस नाइफ इज फॉर कटिंग केन.' आपला 'ण्या' तिथे 'इंग' झाला, आणि साठी जो मागे लागत होता तो फॉर होऊन पुढे गेला. प्रीपोझिशनमधल्या 'प्री'चा अर्थच आधी असा आहे. १७ सप्टेंबर २०२५ रोजी बीडहून अहिल्यानगरला रेल्वे सुरू झाली. तिचे इंजिन पुढे लावा की मागे लावा, डबे तेच राहतात. मला तरी हे असेच पटले.

गुरुजी असेही म्हणाले, की हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत हा प्रत्यय कामाचे नाव करण्यासाठीच होता. तेव्हा त्याचे 'उंग' असेही रूप असे. 'ही इज कटिंग' म्हणजे तो तोडत आहे, ह्यातला इंग मुळात वेगळा, पुढे तो दिसायला सारखा झाला. आपल्याला इथे नामवाला इंग पाहिजे.

घरी येऊन मी एक उद्योग केला. दोन दिवस घरात कोण कोण इंगवाले शब्द बोलते ते वहीत टिपले. आजी शाळेत गेलेली नाही. तरी ती म्हणते, "मोबाईल चार्जिंगला लाव गं." मामा ट्रॅक्टर चालवतो, तो म्हणतो, "लोडिंगच्या आधी च्या घेऊ." शेजारचे काका म्हणाले, "गाडी पार्किंगमध्ये उभी हाय." लग्नाच्या जीपचे बुकिंग, मोटरचे वायंडिंग, घराचे सेंटरिंग असे अकरा शब्द निघाले. ह्या सगळ्यांना आपण ला, च्या, मध्ये असे प्रत्यय लावतो, म्हणजे नामासारखेच वागवतो. 'लोडिंगच्या आधी' उलटे केले की 'बिफोर लोडिंग' झाले. मामाला मी हे सांगितले तर तो म्हणाला, "म्हंजी मी इंग्रजीच बोलायलोय की!"

एका बाबतीत तर इंग्रजी आपल्यापेक्षा सोपी आहे, हे मला स्वतःला सापडले. आपण जेवण्याआधी म्हणतो, पण जेवल्यावर म्हणतो. आधी म्हणताना 'ण्या', नंतर म्हणताना 'ल्या'. इंग्रजीत दोन्हीकडे एकच, 'बिफोर ईटिंग' आणि 'आफ्टर ईटिंग'. विचारल्याशिवाय म्हणजे 'विदाउट आस्किंग'. आणि म्हैस विकून पैसे भरले, ह्यात आपल्याकडे नुसता 'ऊन' येतो, तिथे इंग्रजीत 'बाय सेलिंग द बफेलो'. मराठीची तीन रूपे आणि इंग्रजीचे एक! ज्या मुलाला ही तिन्ही रूपे न शिकवता येतात त्याने एका इंगला भ्यावे हे काही बरे नाही. 'गुड ॲट' (एखाद्या कामात हुशार), 'अफ्रेड ऑफ' (भिणे), 'टायर्ड ऑफ' (कंटाळणे), 'थँक यू फॉर' ह्यांच्यापुढेही असाच इंग येतो. 'शी इज गुड ॲट टाइंग बंडल्स', म्हणजे ती मोळ्या बांधण्यात हुशार आहे.

अवघड फक्त 'टू' आहे. तो दोन सोंगे घेतो. 'ऊस तोडायला जातो' ह्यातल्या 'आयला'सारखा आला तर पुढे साधे क्रियापद, 'गोज टू कट केन'. पण कधी तो खराखुरा प्रीपोझिशन असतो, मग पुढे इंग. ओळखायचे कसे? त्याच्यापुढे एखादे साधे नाम ठेवून बघायचे. माझी आजी पुष्कळ वर्षे ऊसतोडीला जात होती, आता तिचे गुडघे धरलेत. तिला घरात बस म्हटले तर म्हणते, "मला उन्हाची सवय हाय, पोरी." 'आय ॲम यूज्ड टू द सन.' इथे टूच्या पुढे नाम बसले, म्हणजे इंगही बसणार. 'आय ॲम यूज्ड टू वर्किंग इन द सन', उन्हात काम करण्याची मला सवय आहे. आणि 'आय यूज्ड टू वर्क इन द सन' म्हणजे पूर्वी मी उन्हात काम करत असे, आता नाही. आजीच्या बाबतीत दोन्ही वाक्ये खरी आहेत.

आमचे पणजोबा निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकले. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आले, त्याआधी आपल्या बीड जिल्ह्यात सरकारी शिक्षण मुख्यतः उर्दूत होते. उर्दूतही 'काटना'चे 'काटने के लिए' होते, 'ना'चा 'ने'. म्हणजे पणजोबांनाही हा नियम नवा वाटला नसता. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आली ती २००० साली. माझ्या आईला ती पाचवीत भेटली. त्यानंतर दोनच वर्षांनी आईची शाळा सुटली, तिचे लग्न झाले आणि आईवडिलांचा मिळून एक कोयता झाला. बाहेरगावच्या पाहुण्यांसाठी सांगते, ऊसतोडीत नवराबायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात आणि उचल त्या कोयत्यावर मिळते.

माझ्या बाकावरची मैत्रीण गेल्या वर्षी दिवाळीनंतर गेली ती पाडवा झाल्यावर आली. मी आजीजवळ राहिले म्हणून माझी शाळा चालू राहिली, हंगामी वसतिगृहात जेवणारी मुलेही राहिली. तिचा धाकटा भाऊ कोपीवर सांभाळायला कोणी नव्हते म्हणून तिला जावे लागले. आली तेव्हा पुस्तक पुष्कळ पुढे गेले होते. इंग्रजीच्या तासाला ती खाली मान घालून बसायची. एक दिवस मी तिला विचारले, "लवकर का नाही आलीस गं?" ती म्हणाली, "उचल फेडल्याशिवाय कसं येणार?" आता बघा, ह्या वाक्यात आमच्या पुस्तकातला सगळा धडा आहे. 'विदाउट रिपेइंग द ॲडव्हान्स'. तिला तो नियम येत होता, फक्त कोणी तिला तसे सांगितले नव्हते. मी सांगितले. तिने तिथल्या तिथे आणखी चार वाक्ये केली, त्यातले एक मुकादमावर होते, ते इथे लिहीत नाही.

पालकांना एक विनंती आहे. तुम्हाला इंग्रजी येत नसली तरी चालेल. पाचट पेटवताना, गाडी भरताना, जे बोलता त्यातले एखादे 'ण्यासाठी', 'ण्याआधी', 'ल्याशिवाय'वाले वाक्य लेकराला द्या आणि ह्याची इंग्रजी कर म्हणा. ते बरोबर करील.

जाणाऱ्या मुलांसाठी चार वाक्ये देते :

१. शाळेत येण्याआधी मी पाणी भरते.
२. विचारल्याशिवाय माझी वही घेऊ नको.
३. मोळी बांधल्यावर आई पाणी पिते.
४. मी गावी परत येण्याची वाट पाहत आहे.

चौथ्यात 'लुकिंग फॉरवर्ड टू' वापरायचे आहे, तेव्हा टूची परीक्षा करून मगच लिहा. उत्तरे फोनवर सांगितली तरी चालतील, गुरुजींनी कबूल केले आहे. आमच्या आजीचा फोन संध्याकाळी सातनंतर लावा. त्याआधी तो चार्जिंगला असतो.

– एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी