एक अक्षर, दोन उच्चार

ताऱ्यासाठी जपानी भाषेत एक अक्षर आहे. चीनहून आलेल्या अशा अक्षरांना तिथे कांजी म्हणतात. हे नऊ रेघांचं अक्षर जपानी मुलं दुसरीत शिकतात. वरच्या भागात सूर्याची खूण, खालच्या भागात जन्माची.

यावरून 'सूर्यातून जन्मतो तो तारा' असा अर्थ काही जण सांगतात. पाठांतराला तो बरा, पण अक्षर तसं घडलेलं नाही. जुन्या चिनी रूपात वर तशा तीन खुणा होत्या. ते सूर्य नव्हेत, लुकलुकणारे तारे. पुढे तिनांची एकच उरली. खालचा भाग आहे तो मुख्यतः उच्चार सांगण्यासाठी.

चीनहून येताना अक्षरानं आपला उच्चार सोबत आणला, तो जपानी तोंडात 'सेई' झाला. ताऱ्याला घरचा शब्द मात्र आधीपासून होता, 'होशी'. जपान्यांनी दोन्ही ठेवले. अक्षर एकटं असेल तर होशी, जोडशब्दात बहुधा सेई. मंगळ म्हणजे 'कासेई', आगीचा तारा. बुध 'सुइसेई', पाण्याचा. शनी 'दोसेई', मातीचा. मंगळवारच्या नावातही आगीचं तेच अक्षर आहे. इ. स. 806 मध्ये चीनहून परतलेल्या कूकाई या बौद्ध भिक्षूनं भारतीय ज्योतिषावर आधारलेला एक ग्रंथ सोबत नेला होता, त्यात हे सात वार होते. म्हणून आपला मंगळवार तिथेही मंगळाचाच.

सर्वांत गंमत 'सोनं' आणि 'तारा' या दोन अक्षरांच्या जोडीची. ती 'किन्सेई' वाचली तर शुक्र ग्रह. 'किनबोशी' वाचली तर सुमो कुस्तीतला पराक्रम: साध्या दर्जाच्या मल्लानं योकोझुना या सर्वोच्च पदाच्या मल्लाला हरवणं. लिहिणं तेच, वाचणं वेगळं, आणि दोन्ही बरोबर.

मी उर्दूही शिकवते, मराठीही. "तुमची खरी भाषा कोणती?" हा प्रश्न मला दोन्हीकडून येतो. मराठीच्या कार्यक्रमात माझ्या उर्दूबद्दल विचारतात, उर्दूच्या महफिलीत मराठीबद्दल. विचारणाऱ्यांच्या मनात बहुतेकदा वाईट काही नसतं. पण हाच प्रश्न माझ्या विद्यार्थ्यांना लहान वयात ऐकावा लागतो आणि त्यातली काही मुलं एक भाषा लपवायला शिकतात. याचं मला वाईट वाटतं.

त्यांच्यासाठी मी फळ्यावर 'तारा' लिहिते आणि शेजारी उर्दूत 'सितारा'. एक संस्कृतातून आलेला, दुसरा फारसीतून, आणि भाषाशास्त्र सांगतं की मुळात दोघांचं कूळ एकच. मग त्या जपानी अक्षराबद्दल सांगते. त्याचा खरा उच्चार कोणता, असं जपानी मुलाला विचारलं तर ते एवढंच विचारेल, "कुठल्या शब्दात?"

खऱ्या भाषेबद्दल विचारणाऱ्यांना आमच्या मुलांनीही असंच बिनदिक्कत विचारावं, "कुणाशी बोलताना?"