सॅम घरी परतला नाही

५ मे १९९३, बुधवार. अमेरिकेत एनबीसीवर 'क्वांटम लीप'चा शेवटचा भाग संपत आला आणि पडद्यावर अक्षरं उमटली: डॉ. सॅम बेकेट कधीच घरी परतला नाही. पाच सीझन ज्याची वाट पाहिली त्याचा निकाल एका ओळीत लागला, आणि त्या ओळीत त्याच्या आडनावातला शेवटचा 'टी'सुद्धा गळलेला होता.

आम्ही तेव्हा न्यू जर्सीत शिकत होतो. खोलीत पुण्याचे, नागपूरचे, सगळे घरापासून लांब आलेले. मालिकेची गोष्ट अशी: एक शास्त्रज्ञ स्वतःच्याच यंत्रात शिरतो आणि काळात भरकटतो. मागे जायचं तर आपल्या जन्मानंतरच्या काळातच, म्हणजे १९५३च्या अलीकडे. दर वेळी तो कुणा भलत्याच्याच जागी उभा असतो. आरशात चेहरा त्या माणसाचा दिसतो. त्या माणसाचं बिघडलेलं काहीतरी सुधारलं की पुढची उडी. सोबतीला फक्त मित्र अल, तोही होलोग्राम, सॅमशिवाय सहसा कुणालाच न दिसणारा. स्कॉट बॅक्युला आणि डीन स्टॉकवेल या दोघांनी हे सगळं इतक्या जिव्हाळ्यानं केलं की यंत्र कसं चालतं हे विचारावंसंच वाटलं नाही.

तिसऱ्या सीझनच्या सुरुवातीला सॅम सोळा वर्षांचा होऊन इंडियानातल्या आपल्याच शेतावर, १९६९ सालात पोचतो. वडील हयात आहेत, भाऊ अजून व्हिएतनामला गेलेला नाही. पुढचं सगळं ठाऊक असलेला हा मुलगा जेवणाच्या टेबलाशी बसून नुसता त्यांच्याकडे बघत राहतो. तो भाग संपल्यावर आमच्या खोलीत कुणी काही बोललं नाही. भारतात फोन लावायचा तर घड्याळाकडे बघत बोलावं लागे, त्या दिवसांतली ही गोष्ट.

तेव्हाचे प्रेक्षक मालिकेसाठी भांडतसुद्धा होते. १९९१मध्ये एनबीसीनं ती शुक्रवारी रात्री टाकली, तेव्हा हजारो पत्रं गेली आणि वाहिनीला ती परत बुधवारी आणावी लागली. शेवटाबद्दल मात्र पत्र लिहून उपयोग नव्हता. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये पाहणारे दोघे-तिघेच निघाले. सगळे चिडलेले, 'असं कसं करू शकतात?' म्हणत. मग ज्याच्या व्हीसीआरवर तो भाग टेप झाला होता त्याच्याकडे जमायचं आणि कॅसेट पुन्हा लावायची. एसएलपीवर सहा तास कोंबलेली टेप, चेहरे थोडे पुसट. त्या पुसट चित्रातच खाणकामगारांच्या गावातल्या बारमध्ये सॅम आरशात बघतो आणि त्याला स्वतःचाच चेहरा दिसतो. बारमन त्याला सांगतो की या उड्या तूच घेतो आहेस. घरी जाणं त्याच्या हातात होतं. तो गेला अलच्या पहिल्या बायकोकडे, बेथकडे, 'तुझा नवरा जिवंत आहे, तो परत येणार आहे' हे सांगायला.

हे पचायला आम्हाला वेळ लागला, आणि वेळ होता. शेवटाचा अर्थ लावून द्यायला कुणी बसलेलं नव्हतं. सॅम घरी का गेला नाही, हा प्रश्न वर्षानुवर्षं आमच्या गप्पांत येत राहिला, लग्नं झाल्यावर, आईवडील गेल्यावरही, आणि दर वेळी तो वेगळाच वाटला. २७ जून २०२० रोजी 'डार्क' या काळप्रवासाच्याच मालिकेचा शेवटचा सीझन आला तेव्हा पुण्या-मुंबईतली मुलं लॉकडाऊनमध्ये रात्रभर जागून तो संपवत होती. सकाळपर्यंत वंशवृक्षाचे तक्ते आणि शेवट समजावणारे व्हिडिओ हजर. 'डार्क' उत्तम मालिका आहे. पण योनास आणि मार्था नाहीसे होतात त्याचं दुःख एक दिवससुद्धा एकट्यानं बाळगायला मिळालं नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

पुढे 'क्वांटम लीप'च्या न दाखवलेल्या शेवटाच्या काही निगेटिव्ह एका चाहत्याच्या हाती लागल्या. त्यात अल आणि बेथ एकत्र दिसतात. जुने प्रेक्षक पुन्हा तितक्याच तावातावानं बोलू लागले. २०२२मध्ये नवी मालिका आली, नवा नायक बेन साँग. सगळ्यांची नजर सॅमकडे, पण बॅक्युलानं आधीच नकार कळवला होता, आणि स्टॉकवेल २०२१मध्ये गेला होता. दोन सीझननंतर २०२४मध्ये तीही बंद पडली. सॅम बाहेरच राहिला.

नवी मालिका बघून माझ्या मुलीनं जुनी काढली आणि सलग संपवली. शेवटाला ती आमच्यासारखीच चिडली, आणि लगेच फोन उचलून लोकांनी काय लिहिलंय ते शोधायला लागली. मी तिला म्हटलं, थांब, आधी दुसऱ्या सीझनचा शेवटचा भाग पुन्हा बघ. त्यात अल सॅमला विनवतो, बेथला थांबायला सांग. सॅम नाही म्हणतो, नियमात बसत नाही म्हणून. मग अल बेथबरोबर नाचतो, आणि तो तिथे आहे हे तिला माहीतही नसतं.