आबांची टेप

आमच्या वाडीला आभाळ पुरतं मिळत नाही. पूर्वेला महाबळेश्वरच्या डोंगरांची भिंत, दक्षिणेला कशेडी घाटाच्या रांगा, मधे सावित्रीचं खोरं. पोलादपूर तालुक्यात डोंगराच्या अगदी पायथ्याला ज्या वाड्या आहेत, त्या सगळ्यांची हीच तऱ्हा. घाटमाथ्यावरच्या माणसाला उगवलेली चांदणी दिसते, त्यानंतर जवळजवळ तासाभरानं ती आमच्या अंगणात पोचते. पावसाळ्याचे चार महिने वर आभाळ असतं हेच विसरायला होतं. थंडीत खोऱ्यात धुकं भरतं. शिमग्याच्या सुमारास वणव्यांचा धूर. मे महिन्यात दमट हवेमुळे क्षितिजाजवळचे तारे पुसल्यासारखे होतात. त्यात महाडकडच्या एमआयडीसीच्या दिव्यांचा उजेड. म्हणजे वर्षातून मोजक्या रात्री, आणि त्या रात्रीही आभाळाचा मोजका तुकडा.

अशा ठिकाणी मी 2008 साली सहा इंची आरशाची दुर्बीण केली. आरसा पुण्याच्या शिबिरात हातानं घासला होता. नळी पीव्हीसीच्या पाइपाची, खालची पेटी प्लायवूडची. पेटी गोल पाटावर आडवी फिरते आणि तिच्यात नळी वर-खाली होते. एवढंच तिचं यंत्र. चंद्र, गुरू, शनी बघताना काही अडत नाही; ते डोळ्यांना दिसतात, दुर्बीण तिकडे वळवली की झालं. अडतं ते डोळ्यांना न दिसणाऱ्या वस्तूंपाशी. तारकागुच्छ, तेजोमेघ, दीर्घिका. त्या शोधायच्या म्हणजे एका ताऱ्यावरून दुसऱ्यावर उड्या मारत जायचं. पण आमच्या दमट हवेत वाटेतले तारेच दिसत नसतील तर उडी मारायची कुठून? माझ्या भिंगातून एका वेळी आभाळाचा जेमतेम 1 अंश दिसतो, म्हणजे दोन पौर्णिमेचे चंद्र शेजारी शेजारी मावतील एवढा. तेवढ्या भोकातून सगळं आभाळ चाचपायचं.

आबा ओटीवर बसून हे बघायचे. एक दिवस म्हणाले, "मास्तर, रोज रात्री काय हुडकतोस?"

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत लागल्यापासून ते मला मास्तरच म्हणायचे. मी सांगितलं, की आभाळात एक वस्तू आहे, कुठे आहे ते पुस्तकात आहे, पण दुर्बिणीत सापडत नाही.

"पुस्तकात पत्ता हाय ना? मग हुडकायचं कशाला? नुसतं लालबागला राहतो म्हणून माणूस गावंल काय? चाळ कुठली, माळा कितवा, खोली नंबर काय, ते इचारायचं आन् सरळ जिना चढायचा. तुझ्या यंत्राला माळा न्हाय आन् खोली नंबरबी न्हाय."

आबा मुंबईला गिरणीत फिटर होते. अठराव्या वर्षी गेले आणि पंचवीस वर्षं राहिले. आमच्या महाड-पोलादपुरात त्या काळी घरटी एखादा माणूस तरी गिरणीत असायचा. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. वर्षभर वाट पाहून आबा एक ट्रंक घेऊन परत आले. त्या ट्रंकेत कपड्यांपेक्षा हत्यारं जास्त होती. कानशी, पंच, गुण्या, एक फुटी पोलादी पट्टी, सगळं तेलाच्या फडक्यात गुंडाळलेलं. नाचणी-वरीच्या शेतात त्यातलं एकही हत्यार चालणारं नव्हतं. तरी दर दिवाळीला आबा ट्रंक उघडायचे, हत्यारं पुसायचे, नवं तेल लावायचे आणि परत बांधून ठेवायचे. गिरणीबद्दल मात्र ते एक शब्द बोलायचे नाहीत. आम्हीही विचारत नव्हतो.

त्या दिवशी त्यांनी दिवाळी नसताना ट्रंक उघडली.

त्यांना जे सुचलं होतं, ते तसं जुनंच आहे. मोठ्या दुर्बिणींच्या आसांवर अंश कोरलेली पितळी चक्रं असतात. चक्रावरचा आकडा जुळवला की दुर्बीण नेमकी त्या जागी वळते. आपल्याकडे भास्कराचार्यांनी 1150 साली 'सिद्धान्तशिरोमणी'त यंत्रांचं प्रकरण लिहिलं, त्यात परिघावर 360 भाग केलेलं चक्रयंत्र आहे आणि चक्राच्या पाव भागाचं तुरीययंत्रही आहे. आबांनी यातलं काही वाचलेलं नव्हतं. त्यांना एवढंच ठाऊक होतं, की फिरणाऱ्या वस्तूला खुणा केल्या की ती पाहिजे तिथं थांबवता येते.

पितळी चक्र आम्हाला कोण कापून देणार? आबांनी कागदावर हिशोब केला. पूर्ण फेरा 360 अंशांचा. पाटाचा घेर जर बरोबर 180 सेंटिमीटर असेल, तर 1 अंश म्हणजे अर्धा सेंटिमीटर. मग वेगळ्या खुणा कोरायलाच नकोत, शिंप्याची टेप पाटाच्या कडेला चिकटवली की चक्र तयार. 180 सेंटिमीटर घेराचा व्यास होतो 57.3 सेंटिमीटर.

"शाळेत शिकवतोस ना, मग पाईनं भागून बघ," असं म्हणून त्यांनी माझ्याकडून आकडा तपासून घेतला.

महाडच्या बाजारातून दोन टेपा आणल्या. शिंप्याची टेप 150 सेंटिमीटरची असते, म्हणून एक पुरी आणि दुसरीतला 30 सेंटिमीटरचा तुकडा. चिकटवण्याआधी आबांनी दोन्ही टेपा पोलादी पट्टीवर ठेवून कडेपासून कडेपर्यंत तपासल्या. म्हणाले, कापडी टेप वापरून ताणते, ती नको. ही रेशा घातलेली आहे, ही ताणत नाही. टोकांचे पत्रे कापून टाकले.

पाट घासून गोल करेपर्यंत 57 सेंटिमीटरवर आला होता. घेर जवळजवळ 1 सेंटिमीटर कमी. मला वाटलं, तेवढ्यानं काय बिघडतंय. आबांनी नुसतं माझ्याकडे बघितलं. मग जुन्या कॅलेंडरच्या पानांच्या लांब पट्ट्या कापल्या आणि फेविकॉल लावून एकेक वेढा पाटाच्या कडेला देत गेले. प्रत्येक वेढा वाळला की टेप गुंडाळून बघायची, टोकं कुठे येतात ते. टेपची स्वतःची जाडीही हिशोबात धरावी लागते, हे मला तेव्हा कळलं. तेराव्या वेढ्याला 0 आणि 180 एकमेकांना टेकले. नख अडकेल एवढीही फट नव्हती.

"आता लाव," ते म्हणाले.

टेप कुठे लावायची यावरही त्यांनी एक संध्याकाळ घालवली. दिशा मोजायची ती उत्तरेकडून पूर्वेकडे, म्हणजे घड्याळाच्या काट्यासारखी. खालच्या न हलणाऱ्या पाटाला टेप लावली तर आकडे उजवीकडून डावीकडे वाढायला हवेत, आणि शिंप्याची टेप तशी नसते. पण टेप वरच्या फिरत्या पाटाला लावून काटा खालच्या पाटाला बसवला, की आकडे सरळ वाचता येतात. दर 5 सेंटिमीटरवर आबांनी लाल शाईनं अंश लिहिले: 10, 20, 30, असे 350 पर्यंत.

ही झाली खोली. राहिला माळा, म्हणजे क्षितिजापासूनची उंची. त्यासाठी त्यांनी 28.65 सेंटिमीटर त्रिज्येचा प्लायवूडचा पाव वर्तुळाकार तुकडा कापला आणि तो नळीच्या बाजूला बसवला. पाटाच्या घेराची त्रिज्याही तेवढीच, म्हणून इथेही 1 अंश म्हणजे अर्धा सेंटिमीटर. उरलेल्या टेपचा 45 सेंटिमीटरचा तुकडा त्याच्या कडेला लागला: 0 ते 90 अंश. वर्तुळाच्या मध्यावर गवंड्याचा ओळंबा टांगला. नळी आडवी असली की दोरी 0 वर. नळी जेवढी वर, तेवढी दोरी पुढच्या आकड्यावर. जमीन कशीही असो, ओळंबा खोटं बोलत नाही. वारा सुटला तर दोरी हलायची, तेव्हा आबा तळहाताचा आडोसा धरायचे.

भिंगातून 1 अंश दिसतो, म्हणजे वस्तू मधोमध धरली तर अर्ध्या अंशापर्यंतची चूक चालते. टेपवर ती अडीच मिलिमीटर. मी हे सांगितलं तेव्हा आबा हसले. गिरणीत ते इंचाच्या हजाराव्या भागात बोलायचे, त्याला तिथे 'थाऊ' म्हणत. "अडीच मिलिमीटर म्हणजे शंभराच्या घरात थाऊ. एवढ्यात तर बैलगाडी जाईल." सत्तावीस वर्षांत त्यांच्या तोंडून आलेला गिरणीतला हा पहिला शब्द.

आता मुद्दा वेळेचा. तारे सतत सरकतात, त्यामुळे आभाळातला पत्ताही दर मिनिटाला बदलतो. त्याचं गणित लांबलचक आहे. आम्ही सोपी वाट धरली. प्रत्येक तारा दिवसातून एकदा बरोबर दक्षिणोत्तर रेषेवर येतो आणि तेव्हा सगळ्यात उंच असतो. त्या क्षणी दिशा ठरलेली, उंची साध्या वजाबाकीची. फक्त वेळ माहीत पाहिजे. तारा रोज सुमारे 4 मिनिटं आधी त्या रेषेवर येतो, महिन्याला 2 तास. शिवाय भारताचं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशावर लावलेलं, आणि पोलादपूर साडेत्र्याहत्तरच्या जवळ. म्हणून आमचा मध्यान्ह घड्याळाच्या 36 मिनिटं मागे असतो. तेवढी मिनिटं मिळवायची.

आबांना हे लगेच पटलं. "म्हणजे रोज चार मिनिटं आधी पाळीवर येणारा कामगार. असा एकबी बघितला न्हाय मी."

2009 च्या मे महिन्यात, अमावस्येच्या दोन दिवस आधी, आम्ही दुर्बीण खळ्यावर नेली. वळवाचे ढग येऊन-जाऊन होते. चाकरमानी गावाला आलेले, त्यात आबांचे गिरणीतले दोन सोबतीही होते. ताटलीत पाणी ओतून पाट समपातळीत आणला. मग ध्रुव धरला, कारण तो खऱ्या उत्तरेपासून पाऊण अंशाच्या आत असतो. काटा शून्यावर सरकवला. ओळंबा 18 च्या जरा खाली थांबला. ध्रुवाची उंची म्हणजे आपल्या गावाचा अक्षांश, आणि आमचं गाव 18 अंशांवर. आबा दोरीकडे बघत म्हणाले, "ह्येला आपलं गाव म्हाईत हाय."

बघायचा होता नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा गुच्छ. आपल्यापासून सुमारे 17 हजार प्रकाशवर्षं दूर, सुमारे एक कोटी ताऱ्यांचा गोळा. युरोपातल्या बहुतेक देशांना तो दिसतच नाही. आमच्याकडे दिसतो, पण दक्षिणेच्या डोंगरावर, दमट हवेत बुडालेला. त्या रात्री नुसत्या डोळ्यांना त्या जागी काहीच नव्हतं. पत्ता असा: खगोलीय विषुववृत्ताच्या दक्षिणेला साडेसत्तेचाळीस अंश. नव्वदातून अठरा गेले, त्यातून साडेसत्तेचाळीस गेले, उरले साडेचोवीस. टेपवर सव्वाबारा सेंटिमीटर. दिशा दक्षिण, 180 अंश, टेपवर बरोबर 90 सेंटिमीटर. वेळ रात्री 10 वाजून 1 मिनिट.

आबांनी स्वतः पाट फिरवला, स्वतः नळी टेकवली, घड्याळ बघितलं आणि बाजूला झाले. मी डोळा लावला. भिंगाच्या मधोमध नाही, जरा डावीकडे, पण आत होता. मोठा, फिकट, कडांना कणाकणांनी विरत गेलेला.

आबांनी बराच वेळ बघितलं. मग त्यांच्या सोबत्यांनी. त्यातले एक काका भिंगावरून डोळा न काढता म्हणाले, "कार्डिंग खातं रे. सकाळच्या उन्हात कापूस उडायचा, तसंच."

मग तिघं खळ्यावरच बसले. ढग आले, दुर्बीण झाकली, तरी उठले नाहीत. कुठलं यंत्र कसं आवाज करायचं, कापसाच्या धुळीनं कोणाची छाती गेली, शेवटच्या पगाराला कोण किती वेळ रांगेत उभा होता, कोणाची पोरं मग काय करू लागली. मी चाळिशीचा होतो आणि यातलं काहीही मला माहीत नव्हतं. आई चहा घेऊन आली आणि ती पण तिथेच बसली.

त्यानंतर पाच वर्षं आबा होते. आम्ही मिळून एका वहीत तीस वस्तूंचं कोष्टक केलं: नाव, उंची, उत्तर की दक्षिण, आणि दर पंधरवड्याची वेळ. देवयानी दीर्घिका उत्तरेकडे सुमारे पावणेसदुसष्ट अंशांवर, नोव्हेंबरात रात्री नवाच्या पुढे. अक्षर माझं, आकडे तपासलेले त्यांचे. तपासलेल्या प्रत्येक आकड्यापुढे पेन्सिलीची बारीक बरोबरची खूण आहे.

आता शाळेतली मुलं फोन आभाळाकडे धरतात आणि ताऱ्याचं नाव पडद्यावर येतं. चांगलंच आहे, मीही वापरतो. पण दुर्बीण लावायची पाळी ज्याची असेल, त्याला मी आधी ताटलीत पाणी ओतून पाट समपातळीत करायला लावतो, मग ध्रुव धरायला, मग वजाबाकी करायला. आमच्या तुकड्याएवढ्या आभाळात वस्तू थोडाच वेळ थांबते. ती यायच्या आधी आपण तिच्या दारात उभं राहिलेलं बरं.

आमच्याकडच्या पावसात काहीच टिकत नाही. टेप दोनदा बुरशीनं गेली, महाडहून नवी आणून लावली. खालचे कागदाचे तेरा वेढे मात्र आबांनी दिले होते तेच आहेत. दोन्ही वेळा नवी टेप गुंडाळली, तर 0 आणि 180 जिथल्या तिथे येऊन टेकले.