देणाऱ्यानं दात मोजावेत

दानात मिळालेल्या गाईचे दात मोजू नयेत, असं आपल्याकडे म्हणतात. ही शिकवण घेणाऱ्याला आहे. देणाऱ्यानं काय करावं, हे कोणी सांगत नाही. माझी हयात दारं-खिडक्या, पलंग, कपाटं करण्यात गेली. जड कामाला हात पुरेना झाले तसं दुकान मुलाच्या हवाली केलं आणि आता मी लाकडाचे बैल कोरतो. तान्ह्या पोळ्याला मोहल्ल्यातल्या पोरांना देतो, पैसे घेत नाही. या उद्योगात एक गोष्ट पक्की कळली. फुकट द्यायची वस्तू विकायच्या वस्तूपेक्षा जास्त कसून करावी लागते.

कारण साधं आहे. कपाटाचं दार घासायला लागलं की गिऱ्हाईक दारात येऊन चार शब्द सुनावतं आणि रंधा मारून घेऊन जातं. भेटीच्या बैलाचा पाय मोडला तर पोरगं रडतं, आई त्याची समजूत काढते आणि बैल माळ्यावर जातो. म्हाताऱ्यानं मायेनं दिलं, त्याला काय बोलायचं, असं म्हणून कोणी माझ्याकडे फिरकत नाही. म्हणून गिऱ्हाईकाची बोलणी मीच मला ऐकवून घेतो.

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. श्रावण अमावास्येला आमच्याकडे खऱ्या बैलांचा पोळा भरतो. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, तो पोरांचा. नागपूरच्या दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी तो सुरू केला, असं परंपरेनं सांगतात. त्यांची कारकीर्द १७८८ ते १८१६ची. पोरं लाकडी बैलांना झुली, बाशिंगं, घुंगरं घालतात, मिरवतात आणि घरोघर नेऊन बोजारा (खाऊ-पैसे) मागतात. म्हणजे हा बैल दिवसभर डांबरावरून, चिखलातून, पायऱ्यांवरून ओढला जातो. तो टिकला पाहिजे, शोभणं नंतरचं.

टिकणं लाकडापासून सुरू होतं. मला शिवण आवडते. हलकी असते, पटाशीखाली स्वच्छ कापली जाते आणि नीट वाळली की सहसा वाकत नाही. शिवण मिळाली नाही तर पडक्या वाड्यांच्या सागवानी चौकटी घेतो. ते लाकूड कित्येक वर्षं उन्हापावसात मुरलेलं असतं, आता नव्यानं तडकायचं त्याला काही उरलेलं नसतं. फक्त आत गंजके खिळे दडलेले असतात. आधी चुंबक फिरवायचं, मगच करवत लावायची. ओलं लाकूड कितीही देखणं असो, दूर ठेवावं. खोडाच्या मधोमध गाभा असलेला तुकडा तर घेऊच नये. तो आज ना उद्या चिरतोच.

खरी परीक्षा पायांची. बैलाचं धड आडवं, त्यामुळे लाकडाचे रेषेही डोक्याकडून शेपटीकडे जाणारे ठेवावे लागतात. त्याच ठोकळ्यातून पाय कोरले तर पायांत ते रेषे आडवे येतात आणि पहिल्याच पायरीवर पाय कटकन तुटतो. बाजारातले बरेचसे बैल असेच मोडतात. मी पाय वेगळे करतो, उभ्या रेषांचे. वरचं टोक खुंटीसारखं घडवून पोटाच्या भोकात फेव्हिकॉल लावून बसवतो. शिंगांचंही तसंच. काम दुप्पट वाढतं आणि रंग चढल्यावर ते कोणाला दिसतही नाही. दिसत नाही तिथे हात आखडता घ्यायचा मोह विकताना जितका होतो, त्याहून जास्त फुकट देताना होतो.

चाकांचं गणित आमच्या हवामानाशी आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात असतो, तेव्हा लाकडी आस चाकाच्या भोकात चपखल बसवला तर श्रावणात तो फुगतो आणि पोळ्याच्या दिवशी चाक अडतं. म्हणून उन्हाळ्यात भोक मुद्दाम सैल ठेवायचं. तेव्हा चाक खुळखुळतं, ते खुळखुळू द्यायचं.

शेवटी काचकागद. शिंगाची टोकं, कानांच्या कडा गालावर घासून बघायच्या. बोटांना घट्टे पडलेत, त्यांना कूस कळत नाही. लहान पोरांच्या बैलाला रंग देत नाही, जवसाचं तेल चोळतो. ती बैल तोंडात घालणारच. तेल वाळायला बरेच दिवस लागतात, घाई चालत नाही. तेलाच्या चिंध्या बोळा करून टाकू नयेत, पसरून वाळवाव्यात. बोळ्यात उष्णता साचून त्या आपोआप पेट घेतात.

आता शिंगांबद्दल. मी गवळाऊ बैल कोरतो. आमच्या वर्धा जिल्ह्याची ही जात. पांढरी, लांबट निमुळत्या तोंडाची, आखूड शिंगांची. बाजारातल्या बहुतेक लाकडी बैलांना खिलारासारखी लांब, मागे वळलेली शिंगं असतात. खिलार सोलापूर-सांगलीकडचा. एका पोरीनं मला विचारलं, "आजोबा, याचे शिंगं लहान काहून हायेत?" मी तिला शेजारच्या गावात नेऊन गोठ्यातला गवळाऊ दाखवला. ती बराच वेळ त्याच्या पाठीवरचं वशिंड बघत राहिली. पूर्वी पोरं खरा बैल रोज बघायची आणि लाकडाचा वर्षातून एकदा हाती घ्यायची. आता नांगरट ट्रॅक्टर करतो, आणि कितीतरी पोरांचा पहिला बैल लाकडाचाच असतो. तो चुकीचा कोरला तर पोरगं बैल चुकीचा शिकेल. ही जबाबदारी कोणी दिलेली नाही, पण ती आहे.

ती पोरगी आता कॉलेजात जाते. सुट्टीत येते, माझ्या पटाशीला धार लावून देते आणि एखादं वशिंड कोरते. रेषांच्या उलट पटाशी चालली की लाकूड उचकटतं, हे तिला सांगून कळलं नव्हतं. हातानं कळलं. तिनं हाच धंदा करावा असं मी म्हणणार नाही. पण चांगलं काम आणि बरं दिसणारं काम यांतला फरक तिला आयुष्यभर ओळखता येईल.

तुमच्या घरात काचेच्या कपाटात असा एखादा बैल उभा असेल, तर या तान्ह्या पोळ्याला तो बाहेर काढा आणि दोरी पोराच्या हातात द्या. रंग उडेल, शिंगाचं टोक उडेल, उडू द्या. पाय निखळला तर ज्यानं दिला त्याच्याकडेच घेऊन जा. भेट आहे म्हणून भीड धरू नका. मोडलेली वस्तू परत आली तरच आम्हा कारागिरांना आमचं काम कळतं.