अग्नेसच्या बाजूने

प्रिय ताई,

घराचा विषय निघाला की तू म्हणतेस, "झालं गेलं गंगेला मिळालं, आता उगाळत बसू नकोस." परवाही तेच म्हणालीस. फोनवर तुझ्यापुढे मला शब्द सुचत नाहीत, म्हणून लिहायला बसले. आपल्या घराचं शेवटी लिहिते. आधी एका सिनेमाचं.

योआकिम त्रिअर या नॉर्वेच्या दिग्दर्शकाचा 'सेंटिमेंटल व्हॅल्यू'. २०२५ साली कान महोत्सवात त्याला ग्राँ प्री मिळाला. ऑस्लोतलं जुनं घर आणि दोन बहिणी. थोरली नोरा रंगभूमीवरची नटी, धाकटी अग्नेस इतिहासाची अभ्यासक. आई गेल्यावर, कधीच घर सोडून गेलेला बाप, गुस्ताव, दारात उभा राहतो. तो सिनेदिग्दर्शक आहे. नव्या पटकथेतली मुख्य भूमिका नोराने करावी असं त्याला वाटतं आणि नोराला ती पटकथा हातातही धरायची नाही. घर त्याच्याच घराण्याचं. तो लहान असताना त्याच्या आईने याच घरात जीव दिलेला.

या सिनेमाबद्दल बोलताना सगळे बापलेकीबद्दल बोलतात. स्टेलन स्कार्सगार्डने तो बाप असा उभा केलाय, की चीड येते आणि तरी त्याच्यावरून नजर हटत नाही. पण माझ्यासाठी हा सिनेमा अग्नेसचा आहे. ती राष्ट्रीय अभिलेखागारात जाऊन आजीची कागदपत्रं मागवते. नॉर्वे जर्मनांच्या ताब्यात असताना या बाईला पकडलं होतं, तिचा छळ झाला होता. घरात ज्याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही, ते सरकारी दप्तरात नीट लिहून ठेवलेलं होतं. अग्नेस एकटी बसून ते वाचते. तिला ते वाचवत नाही, तरी वाचते.

मग ती बापाची पटकथा घेऊन नोराकडे जाते. नोरा तिला विचारते, आपण एकाच घरात वाढलो, मग तू कशी सावरलीस आणि मी का नाही? अग्नेस सांगते, आपलं बालपण एकसारखं नव्हतंच. माझ्याजवळ तू होतीस. माझे केस तू धुवायचीस, विंचरायचीस, शाळेत तू न्यायचीस.

ताई, माझ्या दोन वेण्या कोण घालायचं? डबा कोण भरायचं? अण्णा घरी नव्हते त्या वर्षी आई दिवसदिवस माजघरात पडून असायची आणि मला वाटायचं, तिला बरं नाही. तू तसंच सांगितलं होतंस. मला त्या वर्षातला फक्त रिबिनींचा रंग आठवतो. बाकीचं सगळं तू बघितलंस, आणि मला दिसू नये म्हणून मध्ये उभी राहिलीस.

अविनाश अरुणचा 'किल्ला' तुला आवडला होता. वडील गेलेला मुलगा आणि नोकरीतल्या बदलीमुळे त्याला घेऊन कोकणात आलेली आई. आपल्यासारखेच एका छताखाली राहून दोघं आपापलं दुःख वेगवेगळं वाहतात. त्याच दिग्दर्शकाचा 'थ्री ऑफ अस' अजून पाहिला नसशील तर पाहा. त्यातल्या शैलजाला स्मृतिभ्रंश सुरू झालाय. उरलंसुरलं हातचं जाण्याआधी ती लहानपणीच्या वेंगुर्ल्याला जाते आणि नवऱ्याला बरोबर नेते. शेफाली शाहचा चेहरा तिथल्या एकेका दारापुढे ज्या तऱ्हेने बदलतो, ते मी काय लिहिणार! बहिणीच्या मृत्यूची जुनी जखमही तिथेच आहे. तिथे गेल्याने तिचा आजार थांबत नाही, हे तिला माहीत आहे. तरी ती जाते.

आणि रोहन परशुराम कानवडेचा 'साबर बोंडं'. सनडान्समध्ये त्याला मोठं पारितोषिक मिळालं, पण मी त्यातल्या आईसाठी तो पुन्हा पाहीन. वडिलांच्या सुतकात गावी आलेल्या आनंदमागे नातेवाईक लग्नाचा धोशा लावतात. त्याला पुरुष आवडतात हे आईला ठाऊक आहे आणि नवरा नुकता गेलेला असताना ती लेकाची पाठराखण करते. तिला पाहताना मला तूच दिसत होतीस. इतक्या जणांना सांभाळताना तिचं स्वतःचं रडणं कुणी ऐकलं?

तुला कोणी विचारलंच नाही, ताई. मीही नाही, कारण धाकटीने विचारायचं नसतं अशी आपल्या घरची रीत. पण ज्याला आसरा मिळाला त्याच्या अंगातच आज बघायची ताकद आहे, असं मला अग्नेसकडे पाहून वाटलं. तू खंगलीस म्हणून मी धड राहिले. आता ते ओझं अर्धं माझ्याकडे दे.

आपल्या घराच्या खरेदीखतावर सह्या करायला तू येणारच आहेस. त्याआधी दोन दिवस ये. दोघीच राहू, भाऊजींना मी सांगते. अण्णा कुठे गेले होते, आईने काय सोसलं, तुला कोणी काय सांगितलं होतं, ते मला पहिल्यापासून सांग. मी मध्ये बोलणार नाही. येतेस ना? गाडी कधीची ते कळव, मी स्टँडवर येते.

तुझी,
धाकटी