कपिलधारेचे चांदणे

बीडहून मांजरसुंब्याकडे निघाले की बालाघाटाची रांग जवळ येऊ लागते. तिच्याच एका घळीत कपिलधार आहे. मन्मथस्वामींच्या समाधीमुळे कार्तिकी पौर्णिमेला हा परिसर वीरशैव भाविकांनी फुलून जातो. मी मात्र महिनाभर आधी, कोजागरीला जातो; अर्थात पाऊस बरा झाला असेल तरच. आमच्या जिल्ह्यात वाहते पाणी गृहीत धरता येत नाही. कड्यावरची धार तोवर टिकली, तर चांदण्यात तिचे छायाचित्र काढावे, हा माझा जुना छंद.

पौर्णिमेचे चांदणे भर दुपारच्या उन्हाहून सुमारे चार लाख पटींनी मंद असते. म्हणून कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट बसवून झडप तीस सेकंद उघडी ठेवावी लागते. आयएसओ ४००, छिद्र एफ-४. बोटाच्या धक्क्यानेही चित्र हलते, म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावायचा. त्या अर्ध्या मिनिटात पडणारा प्रत्येक थेंब चित्रात साठत जातो. खडक जसाच्या तसा राहतो आणि धार पिंजलेल्या कापसाच्या पेळूसारखी उमटते.

डोळ्याला असा उजेड साठवता येत नाही. तो अंधाराला सरावतो, आणि त्यासही अर्धा तास लागतो. मध्येच मोबाइलचा पडदा पाहिला की पुन्हा आरंभापासून सुरुवात. उतारवयात बाहुली पुरेशी विस्फारत नाही, आणि सरावायला वेळही अधिक लागतो. हे सारे मला पाठ होते.

तीन वर्षांपूर्वी अण्णा हट्टाने सोबत आले. वय एक्क्याऐंशी. शेवाळलेल्या दगडांपासून दूर, कोरड्या सपाट जागी मी त्यांना घडीच्या खुर्चीवर बसवले. अर्ध्या तासाने विचारले, “अण्णा, धार दिसते ना?”

“आवाज येतोय की. पण अंधारच आहे सगळा.”

धार पंधरा पावलांवर चांदण्यात लखलखत होती. आणखी थोडा वेळ गेला, उत्तर तेच. उठताना त्यांचा हात खुर्चीची कड चाचपडत होता. मग एकेक आठवू लागले: दाराच्या चौकटीला लागलेला खांदा, बाजूला ठेवलेला आणि हमखास लवंडणारा चहाचा कप. दर वेळी मी म्हणालो होतो, “वय झालं.” दवाखान्यात रुग्णांच्या मुलांना हेच वाक्य म्हणू नका असे मी सांगत असतो!

मी कॅमेऱ्याचा पडदा त्यांच्यासमोर धरला. बराच वेळ पाहून ते म्हणाले, “एवढं पाणी होतं होय रे समोर?”

त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञांनी निदान केले: काचबिंदू, दोन्ही डोळ्यांत. दृष्टिक्षेत्राच्या कडा गेल्या होत्या. या आजाराचा बहुधा वाढणारा प्रकार दुखत नाही, आणि मधली नजर बराच काळ शाबूत राहते. म्हणूनच अण्णा रोज वर्तमानपत्र वाचत होते आणि मी निश्चिंत होतो. दर महिन्याला त्यांचा रक्तदाब मी स्वतः मोजत असे. डोळ्यांतील दाब कधी तपासून घेतला नाही. दृष्टिमज्जेची झालेली हानी भरून येत नाही. उरलेली नजर जपण्यासाठी थेंब मात्र रोज, न चुकता घालावे लागतात. हा आजार घराण्यात चालतो, त्यामुळे आता माझीही तपासणी दरवर्षी होते.

गेल्या कोजागरीला आम्ही पुन्हा गेलो. नऊ वाजता मी थेंब घातले. त्यानंतर पाच मिनिटे अण्णा डोळे मिटून, नाकाकडचा कोपरा बोटाने हलकेच दाबून बसतात. एका चित्राला तीस सेकंद, आणि कॅमेऱ्याला त्यातील ठिपके पुसायला आणखी तीस. तेवढ्यात माझी पाच चित्रे होतात. अण्णा डोळे मिटूनच आकडे मोजतात, आणि पाचवे झाले की पडद्यासाठी हात पुढे करतात.